घाईतलं नाक

आमच्या कार्टून स्टुडिओत गप्प उभं राहायची परवानगी फक्त माणसांना होती, तीही जेवणाच्या सुट्टीत. कागदावरच्या प्राण्यांना ती सवलत नव्हती. खार झोपलेली असली तरी तिचं पोट वरखाली व्हायला हवं, शेपटीची लव थरथरायला हवी आणि ज्या फांदीवर ती झोपली त्या फांदीनंही जरासं डुलायला हवं. एका कार्टूनमध्ये म्हातारा कोल्हा मरतो असा प्रसंग होता. मेल्यावरही तो बराच वेळ श्वास घेत राहिला. प्रेक्षकांना वाटलं, डोळा लागलाय बिचाऱ्याचा, त्यामुळे रडायचं राहूनच गेलं. आमचे साहेब मात्र खूश होते. "हललं पाहिजे," ते म्हणत. "जे हलत नाही ते कार्टून नाही, कॅलेंडर."

साहेबांचा दुसरा हट्ट गोलाईचा. प्रत्येक पात्र वर्तुळांतून घडवायचं, डोक्याचं एक, पोटाचं एक, गालांची दोन. ही सवय पुढे सामानसुमानालाही लागली. आमच्या कार्टूनमधलं कपाटसुद्धा नुकतंच भरपेट जेवून उठल्यासारखं दिसे.

मी तिथे पार्श्वचित्रं रंगवायचो, म्हणजे खार ज्या जंगलात डुलते ते जंगल. कलाशाळेची पदवी असल्यामुळे माझ्याकडे पानं दिलेली होती. प्रत्येक पान निराळं, प्रत्येक पानाला शीर, प्रत्येक शिरेला सावली. खार पुढून पळत गेली की त्यातलं एकही पान कुणाला दिसत नसे. मला सगळे रंगोबा म्हणत. माझी तक्रार नव्हती. पानं तक्रार करायला वेळच देत नाहीत.

माझा मित्र काटकोन हा आमच्याकडचा दिग्दर्शक. त्याच्या खिशात कायम पट्टी असे आणि वर्तुळ काढायची वेळ आली की त्याचा चेहरा औषध घेतल्यासारखा व्हायचा. तो साहेबांच्या बायकोचा धाकटा भाऊ होता. स्टुडिओच्या फाटकाच्या आत 'साहेब' आणि बाहेर 'भावोजी' म्हणायचं, असा नियम खुद्द साहेबांनी त्याला घालून दिला होता. गाठ नेमकी फाटकातच पडली तर काटकोन नुसताच खोकायचा.

नात्यामुळे त्याला नोकरीवरून काढणं शक्य नव्हतं. त्यासाठी पाणी विभाग होता. तळमजल्यावरच्या त्या लांबट खोलीत साहेबांच्या मर्जीतून उतरलेली मंडळी पावसाचे थेंब, ओढ्याचे तरंग आणि धबधब्याचे तुषार काढत बसत. प्रत्येक थेंब गोल, प्रत्येक थेंबावर चमक. काटकोन मागे एकदा चौकोनी ससा काढल्याबद्दल तिथे जाऊन आला होता. तेव्हापासून नळ ठिबकताना दिसला की तो खोली बदलायचा. साहेबांनी त्याला वर आणताना स्पष्ट सांगितलं होतं, "आणखी एक संधी. एक कार्टून. ते बिघडलं तर तू कायमचा पाण्यात."

आता त्या कार्टूनची गोष्ट.

काटकोन आणि मी रोज सकाळी कामावर जाताना त्याच्या ताईकडे चहाला थांबायचो. म्हणजे साहेबांकडेच, पण फाटकाबाहेर असल्यामुळे ते घर ताईचं. एका सकाळी आम्ही नेहमीसारखे मागच्या अंगणातून आलो. स्वयंपाकघराचं दार काचेचं होतं आणि लावलेलं होतं. आत भावोजी शेगडीपाशी उभे होते. हात पाठीमागे, हनुवटी वर. महत्त्वाचं काही करताना ते टाचा उचलून चवड्यांवर उभे राहत, तसे उभे होते. शेगडीवर दुधाचं पातेलं होतं.

आतल्या खोलीतून ताईचा आवाज आला, "अहो, लक्ष आहे ना दुधाकडे?"

"आहे, आहे."

दूध ढिम्म होतं. भावोजी ढिम्म होते. मग कसलासा आवाज झाला म्हणून ते खिडकीपाशी गेले. म्हणजे ते शेगडीपाशी होते आणि मग खिडकीपाशी होते. तेवढ्यात दूध वर आलं, कडेवरून ओतलं आणि शेगडीवर पसरलं. भावोजी परत शेगडीपाशी होते. त्यांनी गॅस बंद केला, फडक्यानं सगळं लख्ख पुसलं, पातेल्यात डोकावले, इकडेतिकडे पाहिलं, पातेलं नळाखाली धरून मूळच्या रेषेपर्यंत पाणी भरलं आणि ते पुन्हा शेगडीवर ठेवून हात पाठीमागे घेऊन चवड्यांवर उभे राहिले.

"झालं का हो?"

"होतंय."

आम्ही पावलं न वाजवता मागे फिरलो आणि पुढच्या दारानं आलो. चहा नेहमीसारखाच पातळ होता. ताई नेहमीसारखीच करवादली, "या दूधवाल्यालाही आता बदलायला हवं. किती बदलू रे? जो येतो तो पाणी घालतो." भावोजींनी गंभीरपणे मान हलवली. "जगात प्रामाणिकपणा राहिला नाही," ते म्हणाले.

रस्त्यावर आल्यावर मला हसू आवरेना. काटकोन मात्र हरवल्यासारखा चालत होता. मग म्हणाला, "रंगोबा, तू त्यांना जाताना पाहिलंस?"

"कुठे?"

"खिडकीकडे. ते इथे होते. मग तिथे होते. मधलं काही दिसलं का तुला?"

"डोळे मिटले असतील माझे."

"नाही. मधलं काही नसतंच. आणि उभे होते तेव्हा एक केससुद्धा हलत नव्हता, तरी आपण डोळे फाडून बघत होतो." तो फुटपाथवर थांबला. "आपण उगाच जन्मभर मधलं काढत बसलोय."

इथे थोडं धंद्यातलं सांगायला हवं. माणूस शेगडीकडून खिडकीकडे जातो हे दाखवायचं तर आमच्याकडे मुख्य चित्रकार दोन चित्रं काढे, निघाल्याचं आणि पोचल्याचं. त्या दोन्हींमधली ढीगभर चित्रं मग खालची माणसं काढत. ती सगळी 'सेल' नावाच्या पारदर्शक तावांवर उतरवून रंगवायची, माझ्या पार्श्वचित्रावर ठेवायची आणि एकेक करून फोटो घ्यायचा. काटकोनच्या मनात आलं ते असं, की माणूस उभा असला तर तो खरोखरच उभा ठेवायचा, एकाच चित्रात. आणि निघाला की मधलं चित्र फक्त एक. त्या एकाच चित्रात त्याला इथून तिथपर्यंत ताणायचा. नाक पुढे पोचलेलं, बूट अजून शेगडीपाशी आणि मध्ये पोट रस्ता झालेलं.

साहेबांनी गोष्ट कागदावर वाचून मंजूर केली. एक माणूस दुधाकडे बघतो. "दूध उतू जातं ना?" एवढंच त्यांनी विचारलं. काटकोन हो म्हणाला. "छान. फेस येईल. फेसात हालचाल भरपूर." प्रत्येक बुडबुड्यावर चमक काढलेली त्यांना डोळ्यांसमोर दिसत असावी.

मी स्वयंपाकघर रंगवायला घेतलं. फरशा, बरण्या, बरण्यांवरच्या सावल्या. काटकोन मागे येऊन उभा राहिला.

"हे काय?"

"स्वयंपाकघर."

"एवढं नको. पिवळा दे."

"कुठे?"

"सगळीकडे. त्यावर एक शेगडी, एक खिडकी. बास."

"आणि भिंत?"

"पिवळ्याला लोक भिंत समजतील."

"आणि नाही समजले तर?"

"तर पिवळा समजतील. त्यात आपलं काय जातं?"

मी पिवळा दिला. दुपारपर्यंत काम संपलं. इतकी वर्षं पानं रंगवलेल्या माणसाला दुपारी करायला काही नसणं फार जड जातं. मी चोरून खिडकीबाहेर एक पान काढलं. काटकोननं ते पुसलं.

चित्रं तयार झाली आणि तपासनीसबाईंच्या टेबलावर गेली. बाईंचं काम असं, की पात्राचा ठरलेला नमुना शेजारी ठेवायचा आणि प्रत्येक चित्र त्याच्याशी ताडून पाहायचं. मिशीचा केस कमी-जास्त झाला तरी त्या चित्र परत पाठवत. त्यांचा शिक्का बसल्याशिवाय काही रंगायला जात नसे. बाईंनी आम्हाला बोलावणं धाडलं. समोर ते ताणलेलं चित्र होतं.

"यात नाकं तीन आहेत," बाई म्हणाल्या.

"एकच आहे, बाई," काटकोन म्हणाला.

"मला मोजता येतं."

"नाक एकच आहे. घाईत आहे."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. नाकं तीनच राहिली.

"आणि हे काय? पोट आहे की चादर वाळत घातलीय?"

"पोट चाललंय."

"कुठे?"

"खिडकीकडे."

"मग पोचल्यावर काढा ना! वाटेत कशाला काढता?"

काटकोननं वाद घातला नाही. चित्रांचा गठ्ठा बाईंच्या हातात दिला आणि म्हणाला, "एकदा अंगठ्यानं भरभर सोडून बघा." बाईंनी नाइलाजानं गठ्ठा वाकवला आणि पानं सोडली. फर्र. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. त्या खोलीत तसला आवाज पूर्वी कुणी ऐकला नव्हता, म्हणून आधी मला वाटलं, ठसका लागला. त्या हसत होत्या. त्यांनी पुन्हा पानं सोडली, पुन्हा हसल्या आणि एकदम पांढऱ्या पडल्या.

"अगं बाई. हे तर साहेब."

"कुठे?" काटकोननं निरागसपणे विचारलं.

बाईंनी एक चित्र ओढून काढलं. त्यात पट्टीनं मारलेल्या चार रेघा आणि एक टोकदार नाक होतं. साहेबांसारखं त्यात काहीच नव्हतं. आमचे साहेब वर्तुळांचेच बनलेले होते. बाईंनी पानं परत सोडली. साहेब हजर.

"थांबवलं की जातात," बाई कुजबुजल्या. "चालवलं की येतात. अरे, ते बघतील तेव्हा काय होईल तुमचं?"

"साहेब कुठे काय चालवून बघतात?" मी म्हणालो.

हे मात्र खरं होतं. साहेबांच्या खोलीत फिल्म बघायचं यंत्र होतं. इतर स्टुडिओंत पेडल दाबलं की असलं यंत्र चालू होतं. साहेबांनी आपलं मुद्दाम उलटं करून घेतलं होतं. यंत्र चालूच असे आणि पेडल दाबलं की थांबे. चालू करणं काय, कुणालाही जमतं, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक कार्टून ते पावलागणिक थांबवत, समोर आलेलं चित्र न्याहाळत आणि विचारत, "हे भिंतीवर टांगता येईल का?" येत असेल तर पास. त्यांनी स्वतःचं एकही कार्टून सलग पाहिलेलं नव्हतं.

बाईंनी शिक्का मारला. "मी काही पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मला तीन नाकं दिसली, मी हरकत घेतली, तुम्ही ऐकलं नाहीत." आणि आम्ही दाराशी पोचलो तेव्हा मागून पुन्हा फर्र आणि ठसका ऐकू आला.

म्हणजे परिस्थिती अशी होती. थांबवून पाहिलं तर कार्टून नापास होणार होतं आणि चालवून पाहिलं तर आम्ही.

साहेबांनी थांबवून पाहिलं. पेडलवर त्यांच्या पायाची जी हुकमत होती ती मी दुसऱ्या कुणाच्या हाताचीही पाहिलेली नाही. अख्ख्या रिळात ताणलेली चित्रं मोजकीच होती, डोळ्याला दिसणारही नाहीत अशी. साहेबांचा पाय एकेकावर अचूक पडला.

खट्.

"हा कसला प्राणी?"

"माणूस आहे साहेब. वळतोय."

"वळून झाल्यावर काय होतो?"

"परत माणूस."

खट्.

"रंगोबा, मागची भिंत कुठाय?"

"पिवळा आहे ना साहेब, तीच."

"आणि कोपरा?"

"कोपरा समजून घ्यायचा."

"मी का समजून घेऊ? पगार तुम्ही घेता."

पुढे माणूस नुसता उभा राहतो ते दृश्य आलं. साहेबांनी पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. पडद्यावर काही फरक पडेना. त्यांनी यंत्राला बाजूनं एक चापट मारली. "बिघडलं वाटतं."

"यंत्र ठीक आहे साहेब. तो उभा आहे."

"श्वास?"

"रोखून धरलाय."

साहेब खुर्चीवरून उठले, हात पाठीमागे घेतले आणि चवड्यांवर उभे राहिले. मी काटकोनकडे पाहायचं टाळलं. "धुवून टाका," साहेब म्हणाले.

आमच्याकडे नापास कार्टूनचं असंच करायचे. सेल महाग, म्हणून त्यांच्यावरचा रंग हौदात धुवून काढायचा आणि कोऱ्या तावांवर दुसरं कार्टून उतरवायचं. रीळ कपाटात जायचं, ते परत निघत नसे. काटकोन आपलं सामान आवरायला गेला. तळमजल्यावर त्याची जुनी खुर्ची कुणीतरी पुसून ठेवली होती. पाणी विभागातली माणसं मनानं चांगली असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौद भरत होता आणि साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला. फोन ताई घेई. थिएटरांना रिळं पाठवणं, त्यांच्या तारखा सांभाळणं हे सगळं तीच बघायची आणि अख्ख्या स्टुडिओत साहेबांना 'अहो' म्हणणारी तेवढीच एक होती. सेल हौदाकडे नेण्याच्या परवानगीची चिठ्ठी घ्यायला मी तिथे उभा होतो.

थिएटरचा मॅनेजर बोलत होता. शुक्रवारी मोठा चित्रपट लागणार, त्याआधी दाखवायला कबूल केलेलं धबधब्याचं कार्टून अजून कसं आलं नाही? ताईनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी छताकडे पाहिलं. धबधब्याचं कार्टून हे त्यांचं मोठं स्वप्न होतं. त्यात प्रत्येक थेंब वेगळा पडणार होता. पाणी विभाग कित्येक महिने खपत होता आणि धबधबा कड्याच्या निम्म्यापर्यंत उतरून तिथेच लोंबकळत होता.

"नसेल तर सांगा," मॅनेजर इतक्या मोठ्यानं बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. "माझ्याकडे कसरती करणारी कुत्री आहेत. शिकवलेली. तीच स्टेजवर आणतो."

"कुत्री नकोत," ताई फोनवर म्हणाली. "कार्टून येतंय." आणि तिनं फोन ठेवला.

"कोणतं कार्टून येतंय?" साहेबांनी विचारलं.

"ज्याचा रंग वाळलाय ते."

"त्यात माणसाला तीन नाकं आहेत!"

"असू देत. कुत्र्यांना चार पाय असतात म्हणून लोक तिकिटं काढतातच ना?"

"अगं, पण कुत्री निदान हलतात तरी."

"हे बघा, मी ते कार्टून पाहिलेलं नाही. माझा भाऊ आहे म्हणूनही म्हणत नाही. तयार आहे म्हणून म्हणतेय. की पाठवू तुमचा अर्धा धबधबा?"

साहेब बराच वेळ चवड्यांवर उभे राहिले. मग टाचा टेकल्या. "माझं नाव काढा त्यावरून."

"काढते," ताई म्हणाली. "शुक्रवारी दुपारच्या खेळाला आपण सगळे जाऊ."

मी धावत तळमजल्यावर गेलो. काटकोन एका थेंबावर चमक काढत होता. बातमी ऐकून त्यानं मला मिठी मारली आणि मिठीतच तो ताठ झाला.

"थिएटरात पेडल नसतं," तो म्हणाला.

"नसतं."

"म्हणजे ते चालताना बघणार."

"हो."

"आणि शेजारी ताई असणार. आणि शेवटी तो पातेल्यात पाणी घालतो."

"तू घालायला लावलंस."

"शेवट चांगला होता रे," काटकोन कळवळून म्हणाला.

शुक्रवारी आम्ही ओळीनं बसलो. साहेब, ताई, काटकोन, मी. दिवे गेले. पडद्यावर पिवळा आला आणि मला नवल वाटलं, कारण ती भिंत होती. चांगली स्वयंपाकघराची भिंत. मी रंगवली नव्हती असा कोपरासुद्धा तिला होता.

पातेलं. शेजारी माणूस, हात पाठीमागे, टाचा उचललेल्या. आतून बाईचा आवाज, "लक्ष आहे ना?" माणूस म्हणतो, "आहे, आहे." आणि मग काहीच नाही. तो उभा. दूध उभं. साहेब खुर्चीत चुळबुळले. "मशीन अडकलं," ते कुजबुजले. थिएटरात कुणीतरी खाकरलं. कुणीतरी फिसकन हसलं, का ते त्यालाही माहीत नसावं. तो माणूस अजून उभा होता आणि आता सगळं थिएटर श्वास रोखून त्या दुधाकडे बघत होतं, जणू पातेलं ज्याच्यात्याच्या घरचं होतं.

माणसानं पापणी मिटली. दूध काठापर्यंत आलं. पापणी उघडली. दूध तळाशी. थिएटर फुटलं.

मग तो खिडकीकडे गेला, म्हणजे इथे होता आणि तिथे झाला. साहेबांचा उजवा पाय जमिनीवर दाणकन आपटला. ते ताणलेलं चित्र त्यांनी बरोबर पकडलं होतं, पण फिल्म काही थांबली नाही. माणूस परत आला. पुन्हा दाणकन. जाई-येई तेव्हा दाणकन. मागच्या रांगेतल्या लोकांना वाटलं, हे गृहस्थ रंगात आलेत. त्यांनीही पाय आपटायला सुरुवात केली. बघता बघता सगळी रांग, मग सगळं थिएटर माणूस वळला की पाय आपटू लागलं आणि अंधारात साहेब एकटेच ते थांबवण्यासाठी आपटत होते.

ताई पहिल्यापासून हसत होती. तिनं त्या चार रेघांना पहिल्या क्षणी ओळखलं असणार. डोळ्यांतून पाणी, हात तोंडावर. मग दूध उतू गेलं. माणसानं फडकं घेतलं, पुसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पातेलं नळाखाली धरलं. लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी होते. ताईचं हसणं मात्र मध्येच बंद झालं. तिनं हळूच मान वळवली.

"अहो."

"काय?"

"आपलं दूध पातळ का असतं?"

साहेबांचा पाय तेवढा जागच्या जागी दाबलेला राहिला.

दिवे लागल्यावर आम्ही बाहेरच्या दालनात आलो. मॅनेजर धावत आला, साहेबांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "हे आठवडाभर ठेवतो. आणि असंच दुसरं द्या. काय माणूस उभा केलाय! मी असा माणूस ओळखतो. प्रत्येकजण ओळखतो!" आणि कुत्र्यांना परत पाठवायला तो निघून गेला.

आमचं चौघांचं वर्तुळ उरलं. साहेबांनी हात पाठीमागे घेतले. टाचा उचलल्या. ही जागा फाटकाच्या आतली की बाहेरची ते न कळून काटकोन खोकला.

"हा माणूस कोण आहे," साहेब म्हणाले, "ते मी पहिल्या दृश्यातच ओळखलं."

ताई त्यांच्याकडे एकटक पाहत होती.

"हा तू आहेस," साहेब काटकोनला म्हणाले. "हुबेहूब. ते उभं राहणं, ते टाचा उचलणं, ते निर्लज्ज पाणी. स्वतःवर हसायला हिंमत लागते, मेहुणे. मला नसतं जमलं."

साहेबांइतका सरळ चेहरा मी पट्टीनं काढलेलाही पाहिलेला नाही. ताईनं भावाकडे मोहरा वळवला.

"तू? रोज सकाळी चहाला येतोस तेव्हा? मी आत असताना?"

काटकोननं साहेबांकडे पाहिलं. साहेब चवड्यांवर स्तब्ध होते. एक केस हलत नव्हता. श्वास रोखून धरलेला. सेल अजून हौदाच्या कडेला रचून ठेवलेले होते आणि हौद भरलेला होता. तळमजल्यावर निम्मा धबधबा कुणाची तरी वाट पाहत होता.

"हो ताई," काटकोन म्हणाला. "मीच."

"माझे सगळे दूधवाले!" ताई म्हणाली. "बिचारे!"

साहेबांच्या टाचा अलगद खाली आल्या. "सेल जपून ठेवा," ते मला म्हणाले. "आणि माझं नाव परत घाला. जरा मोठं."

त्यानंतर आमच्या स्टुडिओत फार बदल झाले. आता हलायला परवानगी लागते. झोपलेल्या खारीचं पोट कुणी चुकून वरखाली केलं, तर साहेब विचारतात, "हिला काही होतंय का?" धबधब्याचं एकच चित्र काढून तो टांगून ठेवलाय. पाणी विभाग रिकामा झाला, तिथे आता गोलाईचा हट्ट न सुटलेली माणसं बसतात. तपासनीसबाईंनी परवा एक चित्र परत पाठवलं, नाक एकच असल्याबद्दल. शेरा होता, 'यात घाई दिसत नाही.' मी दिवसाला एक रंग देतो आणि दुपारी घरी जाऊन एकेक पान रंगवतो, कुणाला न सांगता.

काटकोन त्या माणसाची पुढची कार्टूनं करतो आहे. नमुन्याचा अभ्यास चुकू नये म्हणून आम्ही अजूनही रोज सकाळी ताईकडे चहाला जातो. मला दुधाचा चहा मिळतो. काटकोनला कोरा. ताईनं त्या शुक्रवारपासून त्याच्या कपाला दुधाचा थेंब लागू दिलेला नाही आणि दूध तापत असताना त्यानं स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही असं बजावलंय. तो दाराबाहेर पायरीवर, वही मांडीवर घेऊन, काचेतून बघत बसतो.

काल सकाळी दूध उतू गेलं. भावोजींनी फडकं घेतलं, शेगडी पुसली, इकडेतिकडे पाहिलं. काचेबाहेर आम्ही दिसलो. त्यांनी क्षणभर विचार केला आणि पातेलं नळाखाली धरलं.

"लक्ष आहे ना हो?" आतून ताई.

"आहे, आहे."

मग चहा झाल्यावर ते स्वतःचा कप घेऊन पायरीवर आले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आपल्या कपातला निम्मा चहा काटकोनच्या कोऱ्या चहात ओतला आणि आत जाऊन परत चवड्यांवर उभे राहिले. काटकोननं कपात पाहिलं. दूध इतकं पातळ होतं की चहाचा रंग काही बदलला नाही.